ट्रॉलीचे हेलकावे : भार कसा वाटावा, जोड कसा असावा



उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या सोलापूर-पुणे रस्त्याचे रूपच पालटते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी कालव्याने फिरले आणि मोहोळ, उत्तर सोलापूर, पंढरपूर या भागांत ज्वारीच्या जोडीला ऊस उभा राहिला. तो ऊस कारखान्याला पोचवायचा म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉली आलीच. याच रस्त्यावर, मोहोळ तालुक्यात, चिंचोळीची एमआयडीसी आहे. तिथे मालाचे मोठे ट्रक आत-बाहेर करतात. पाळी सुटली की कामगारांच्या मोटारसायकली एकदम रस्त्यावर येतात. त्याच रस्त्याने आपली उसाची, कांद्याची, कडब्याची ट्रॉलीही चाललेली असते. पूर्वी ९ क्रमांकाचा आणि २०१० नंतर ६५ क्रमांकाचा झालेला हा राष्ट्रीय महामार्ग आहे. इथे ट्रॉलीने जरा शेपूट हलवली, तर शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला बाजूला व्हायला जागा उरत नाही.

म्हणून आज आपण दोन गोष्टी पाहणार आहोत. पहिली, ट्रॉलीतला भार कसा वाटला जावा. दुसरी, ट्रॉली डावी-उजवीकडे हेलकावू नये म्हणून ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचा जोड कसा असावा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुष्कळ जण त्यांची गल्लत करतात, आणि एकीचे दुखणे दुसरीच्या औषधाने बरे करायला जातात.

बैलगाडीचा जुना धडा

हा विषय आपल्याला अगदी नवा नाही. ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हे शास्त्र ठाऊक आहे. गाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते, सापत्या बैलांच्या गळ्याला आवळतात आणि बैल घुसमटतो. उलट ओझे फार पुढे झाले की सगळा भार मानेवर येतो आणि बैलाला खांदेसूज होते. म्हणून जाणता गाडीवान काय करतो? ओझे आखाच्या किंचित पुढे ठेवतो. भरून झाल्यावर जू हाताने उचलून बघतो. थोडे जड लागले पाहिजे, पण उचलले गेले पाहिजे.

आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला आणि जूच्या जागी हुक आला. नियम मात्र तोच राहिला. फरक एवढाच की बैल मान हलवून आपल्याला सांगतो. ट्रॅक्टर सांगत नाही. तो थेट पुढची चाके उचलून दाखवतो.

हिशेब करून बघू

दोनचाकी ट्रॉलीचे उदाहरण घ्या. ट्रॉली आणि माल मिळून वजन ६ टन, म्हणजे ६००० किलो धरू. ट्रॉलीच्या आखापासून दांडीच्या कड्यापर्यंतचे अंतर ३ मीटर धरू. सगळ्या वजनाचा मध्य आखाच्या पुढे ३० सेंटिमीटरवर असेल, तर हुकावर एकदशांश भार येतो, म्हणजे ६०० किलो. तोच मध्य आखाच्या मागे ३० सेंटिमीटरवर गेला, तर हुक ६०० किलोंच्या जोराने वर उचलला जातो. बघा, वजनाचा मध्य केवळ दोन फूट मागे सरकला आणि खाली दाबणारे ओझे वर उचलू लागले.

दोनचाकी ट्रॉलीत एकूण वजनाच्या दहाव्या भागापेक्षा कमी भार हुकावर नसावा. तो थोडा जास्त असला तर चालेल. पण जास्त म्हणजे किती? त्यासाठी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांकडे बघावे लागते.

२००० किलोंचा ट्रॅक्टर आहे असे समजा. त्याच्या पुढच्या चाकांवर साधारण ७५० किलो भार असतो. हुक मागच्या आखाच्या ६० सेंटिमीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे. हुकावर ६०० किलो आले की पुढच्या चाकांवरून १८० किलो कमी होतात. उरले ५७०. हे चालेल. पण ओझे फार पुढे रचले आणि हुकावर १५०० किलो आले, तर पुढून ४५० किलो जातात आणि उरतात फक्त ३००. स्टिअरिंग नीट चालायला पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा भाग, म्हणजे ४०० किलो तरी हवा. ३०० किलोंवर स्टिअरिंग हलके लागते. तुम्ही वळवता, पण ट्रॅक्टर सरळच जातो. चढावर तर ट्रॅक्टरच्या ओढीने पुढचा भार आणखी घटतो.

म्हणजे भार मागे गेला तर ट्रॉली बिघडते आणि फार पुढे आला तर ट्रॅक्टर बिघडतो. मधली जागा धरायची.

ट्रॉली हेलकावे का खाते?

हेलकावा म्हणजे ट्रॉलीचे मागचे टोक डावी-उजवीकडे झोलणे. एखादा खड्डा, शेजारून वेगाने गेलेल्या ट्रकच्या वाऱ्याचा धक्का, किंवा ड्रायव्हरने दिलेला एक हिसका, एवढ्याने सुरुवात होते. ट्रॉली नीट भरलेली असेल तर तो झोल एक-दोनदा होऊन आपोआप मावळतो. मागे जड असेल तर प्रत्येक झोल आधीच्यापेक्षा मोठा होतो. आणि यात वेगाचा मोठा हात असतो. एका ठरावीक वेगापर्यंत झोल मावळतो, त्याच्या पुढे तो वाढत जातो. मागे जितके ओझे जास्त, तितका हा धोक्याचा वेग खाली येतो. म्हणून कालपर्यंत ज्या वेगाला ट्रॉली गप्प होती, त्याच वेगाला आज ती शेपूट हलवते. ट्रॉली बदललेली नसते, भरण बदललेली असते.

याशिवाय दुसरी कारणेही आहेत. दोन बाजूंच्या टायरांत हवा कमी-जास्त असणे, चाकाचे बेअरिंग ढिले असणे, पाट्याचा एखादा पत्ता तुटलेला असणे, कड्यात आणि पिनमध्ये फट पडलेली असणे, आणि ओझे फार उंच रचणे. कडब्याची ट्रॉली वजनाने हलकी, पण उंच आणि रुंद असते. तिला वारा शिडासारखा धरतो.

परदेशातले दोन प्रकारचे जोड

अमेरिकेत लोक मोटारीच्या मागे राहण्याची फिरती घरे जोडून प्रवास करतात. ही घरे मोठी आणि उंच असतात. त्यांनाही हीच दोन दुखणी होतात, आणि त्यावर तिकडे दोन वेगवेगळे जोड वापरतात.

पहिला भार वाटणारा जोड. यात हुकाच्या खालून दोन लवचिक पोलादी दांड्या मागे ट्रॉलीच्या चौकटीपर्यंत जातात आणि साखळीने ताणून बसवतात. त्यांच्या ताणाने हुकावरचा काही भार मोटारीच्या पुढच्या चाकांवर आणि काही घराच्या स्वतःच्या चाकांवर जातो. मोटारीची मागची बाजू बसत नाही, पुढची चाके रस्ता धरतात.

दुसरा हेलकावा रोखणारा जोड. यात एक सरकती पट्टी घर्षणाने दाबलेली असते, जसा ब्रेक चाकाला दाबून धरतो तशी. दांडी डावी-उजवीकडे फिरू लागली की ही पट्टी तिला अडवते. झोल लवकर मावळतो.

आता दोन्हींची तुलना करा. पहिला वर-खालचे दुखणे बघतो, दुसरा आडवे दुखणे बघतो. पहिल्याने हेलकावा थांबेलच असे नाही. दुसऱ्याने पुढच्या चाकांवर एक किलोही भार येत नाही. काही जोडांत दोन्ही सोयी एकत्र असतात. पण एक गोष्ट दोघांनाही जमत नाही. मागे जड भरलेली गाडी ते सुधारू शकत नाहीत. म्हणून तिकडेही आधी सामान नीट ठेवा, मग जोड लावा, असेच सांगतात.

हे जोड आपल्या ट्रॅक्टरला लावावेत का? नाही. भार वाटणाऱ्या दांड्या डांबरी रस्त्यासाठी आहेत. आपली ट्रॉली बांधावरून, सरीवरून, ओढ्यातून जाते. ट्रॅक्टर एकीकडे कलतो, ट्रॉली दुसरीकडे कलते. त्या पिळाने दांड्या तरी तुटतील किंवा चौकट तरी. घर्षणाची पट्टी तीव्र वळणावर आणि मागे घेताना काढून ठेवावी लागते, आणि आपल्याला तर शेताच्या कोपऱ्यात रोज तीव्र वळण घ्यावे लागते. शिवाय ती पट्टी ओली झाली की तिची पकड कमी होते. तेव्हा कोणी वर्कशॉपमध्ये असे काही वेल्ड करून देतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. वाहनाच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करणे कायद्यालाही धरून नाही.

मग आपल्याकडे काय करायचे?

दोन्ही कामे आपल्या साध्या साधनांनी होतात.

पुढच्या चाकांवर भार हवा असेल तर ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडी वजने लावायची सोय असते, ती वापरा. पुढच्या आखाच्या पुढे ६० सेंटिमीटरवर १०० किलो लावले, तर पुढच्या चाकांवर सुमारे १३० किलो भार वाढतो. कारण मागच्या चाकांवरचे ३० किलोही पुढे येतात. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जेवढे सांगितले आहे तेवढेच लावा.

हेलकावा रोखायचा असेल तर ट्रॉली कुठे जोडता ते बघा. अवजारे जोडायच्या खालच्या दोन हातांमध्ये भोकांची पट्टी बसवलेली असते. काही जण ट्रॉली त्या पट्टीलाच अडकवतात. हे चुकीचे आहे. ते हात डावी-उजवीकडे हलतात, म्हणजे हेलकाव्याला आपण होऊन जागा दिली. शिवाय हात वर उचलले गेले की ओढीची जागा उंच जाते. ओढ मागच्या आखापेक्षा वर गेली तर ट्रॅक्टर पुढून उठून मागे उलटतो. ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या अंगाला बोल्टने पक्क्या बसवलेल्या ट्रॉलीच्या हुकालाच जोडावी. वरच्या लिंकला किंवा आखाला साखळी बांधून तर कधीच ओढू नये.

पिन योग्य जाडीची हवी. कडे झिजून लांबट झाले असेल तर त्यात बारीक पिन घालून काम भागवू नका. सळईचा तुकडा म्हणजे पिन नव्हे. पिनला खालून लॉक हवेच. आणि दांडीखालून एक जादा साखळी ट्रॅक्टरला बांधा. पिन तुटली तरी भरलेली ट्रॉली रस्त्यावर मोकळी सुटता कामा नये.

दोन ट्रॉल्या जोडताना

बंधूंनो, इथे नीट लक्ष द्या. उसाला आपण एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडतो. दोन्ही दोनचाकी असतील तर मागच्या ट्रॉलीचा भार पुढच्या ट्रॉलीच्या शेपटीवर येतो. मघाचाच हिशेब धरा. मागच्या ट्रॉलीने पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या हुकावर ६०० किलो टाकले. तो हुक पुढच्या ट्रॉलीच्या आखाच्या २ मीटर मागे आहे. म्हणजे पुढची दांडी ४०० किलोंनी हलकी होते. ६०० तले ४०० गेले, ट्रॅक्टरच्या हुकावर राहिले २००. एकटी असताना नीट भरलेली ट्रॉली दुसरी जोडताच उलाळ व्हायच्या काठावर आली.

म्हणून दोन ट्रॉल्या असतील तर जड ट्रॉली पुढे आणि हलकी मागे. पुढच्या ट्रॉलीत ओझे जरा जास्त पुढे रचावे. मागच्या ट्रॉलीची थप्पी उंचीला कमी ठेवावी, कारण झोल सर्वांत जास्त तिलाच बसतो.

ट्रॉली चारचाकी असेल तर हिशेब निराळा. तिची पुढची चाके गोल फिरणाऱ्या तबकडीवर असतात, त्यामुळे तिच्या दांडीचा भार हुकावर येत नाही. पण मागे जड भरली तर तीही झोलते. ओझे दोन्ही आखांवर सारखे यावे आणि तबकडीत ढिलाई नसावी.

भरताना आणि उतरवताना

मजूर बहुधा मागून फळी लावून चढतात, आणि दमले की शेवटच्या मोळ्या मागेच टाकतात. मालकाने किंवा ड्रायव्हरने तिथे उभे राहून पुढची बाजू आधी भरून घ्यावी. फळक्याबाहेर मागे ऊस लोंबू देऊ नये. खताची किंवा पेंडीची पोती दोन ठिकाणी उतरवायची असतील तर आधी मागची उतरवा. पुढची आधी काढली तर उरलेला माल मागे राहतो आणि ट्रॉली उलाळ होते. उलाळ ट्रॉलीची पिन काढताना दांडी एकदम वर उसळते. ज्याची हनुवटी तिथे असेल त्याचा जीव जाऊ शकतो. भरलेली दोनचाकी ट्रॉली सोडताना चाकांना पुढून-मागून उटी लावा, दांडीला टेकू द्या आणि तोंड बाजूला ठेवूनच पिन काढा.

हुकावर किती भार आहे हे वजनकाट्यावर सहज कळते. आधी नुसता ट्रॅक्टर मोजा. मग भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टर काट्यावर उभा करा, ट्रॉलीची चाके बाहेर सपाट जागेवर राहू द्या. दोन आकड्यांतला फरक तोच हुकावरचा भार. हंगामाच्या सुरुवातीला एकदा मोजले की नजर बसते. काटा जवळ नसेल तर सपाट जागी ट्रॉलीच्या तळाची उंची पुढे आणि मागे मोजा. तळ सपाट किंवा पुढे किंचित खाली असावा. मागे खाली असेल तर ओझे पुढे घ्या.

रस्त्यावर झोल सुरू झाला तर

घाबरून कचकन ब्रेक दाबू नका. ट्रॅक्टर थांबतो, पण मागून येणारे सहा टन थांबत नाहीत. ते ट्रॅक्टरला ढकलतात आणि ट्रॉली चाकूसारखी मिटते. स्टिअरिंग उलट-सुलट फिरवून झोल सावरायलाही जाऊ नका, त्याने तो वाढतो. स्टिअरिंग सरळ धरा, गॅस सोडा, वेग आपोआप उतरू द्या. मग सुरक्षित जागी थांबून ओझे, टायर आणि पिन बघा. कारण सापडल्याशिवाय पुढे निघू नका.

उड्डाणपुलाच्या किंवा नदीच्या उतारावर न्यूट्रल करू नका. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा. डाव्या-उजव्या ब्रेकचे पायदान शेतात वेगळे असते, रस्त्यावर ते कडीने एकत्र जोडलेलेच हवे. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो.

रात्री मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर हवेत, आणि ते उसाच्या वाड्याने झाकलेले नसावेत. पंक्चर झाले तर ट्रॉली रस्त्याच्या कडेला पूर्ण खाली घ्या. चाकाला लावलेले दगड निघताना उचला. रस्त्यावर राहिलेला एक दगड मोटारसायकलवाल्याला पुरे होतो.

वेळ कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, साहेब, वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, खेपा मोजल्या जातात, एवढे बघायला वेळ कुठे आहे? तर हिशेब करा. १५ किलोमीटरचा रस्ता ताशी ३० च्या वेगाने ३० मिनिटांत होतो, ताशी २० च्या वेगाने ४५ मिनिटांत. वाचतात १५ मिनिटे. पण वेग २० वरून ३० झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारे अंतर सव्वादोन पट होते. आणि कारखान्याच्या गव्हाणीसमोर रांग असली तर ती १५ मिनिटे तिथेच उभ्या-उभ्या जातात. भरलेल्या दोन ट्रॉल्या ताशी २० किलोमीटरच्या पुढे नेऊ नयेत, असे माझे सांगणे आहे.

शिवाय गाडी बहुधा मालक चालवत नाही, पगारी ड्रायव्हर चालवतो. झिजलेली पिन बदलणे, टायर बघणे, खेपेसाठी तगादा न लावणे, हे मालकाच्या हातात आहे. ड्रायव्हरने ‘ट्रॉली झोलते’ म्हणून सांगितले तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याचे ऐका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. दोनचाकी ट्रॉलीत ओझे आखाच्या किंचित पुढे. हुकावर एकूण वजनाचा निदान दहावा भाग.

२. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा भाग. कमी पडल्यास पुढे वजने लावा.

३. ट्रॉली पक्क्या हुकालाच जोडा, भोकांच्या पट्टीला नाही. जाड पिन, खालून लॉक आणि जादा साखळी.

४. दोन ट्रॉल्यांत जड पुढे, हलकी मागे.

५. दोन्ही बाजूंच्या टायरांत सारखी हवा. बेअरिंग आणि पाटे हंगामाआधी तपासा.

६. झोल आला तर गॅस सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, कचकन ब्रेक नको.

७. भरणी आधी, जोड नंतर, वेग शेवटी. भरणी चुकली तर कोणताही जोड तुम्हाला वाचवणार नाही.

आज रात्री ट्रॉली भरायची असेल तर निघण्याआधी एकदा मागे जाऊन तिच्याकडे बघा. तुमचा ड्रायव्हर आणि पाळी सुटून घरी निघालेला एमआयडीसीतला कामगार, दोघांचीही घरी वाट बघणारी माणसे आहेत.